नकाशावरचे नाव कोणाचे?

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या ऐतिहासिक डावपेचांच्या खेळांत फौजा असतात, खजिना असतो, मुत्सद्द्यांची मसलत असते आणि राजघराण्यांच्या सोयरिकीही असतात. परंतु खेळाडूच्या दृष्टीसमोर या साऱ्यांहून अधिक काळ राहतो तो नकाशाच होय. स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह या कंपनीचे ‘क्रुसेडर किंग्ज’, ‘युरोपा युनिव्हर्सालिस’, ‘व्हिक्टोरिया’ आणि ‘हार्ट्स ऑफ आयर्न’ हे खेळ तर जवळजवळ सर्वस्वी नकाशावरच चालतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस’च्या चौथ्या भागाचा आरंभ ११ नोव्हेंबर १४४४ रोजी, म्हणजे वार्ना येथे ऑटोमन तुर्कांनी ख्रिस्ती फौजेचा मोड केला त्याच्या दुसऱ्याच दिवशी होतो, आणि तेथून १८२१ पर्यंतचा काळ खेळाडूच्या हाती दिला जातो, त्याने बिदरच्या बहामनी सुलतानाचा कारभार पत्करावा, विजयनगरच्या रायाचा पत्करावा, अथवा पोर्तुगालच्या राजाचा पत्करावा, आणि आपल्या मगदुराप्रमाणे इतिहासाला वळण द्यावे. अशा वेळी नकाशावरील हजारो गावांची आणि परगण्यांची नावे कोणत्या भाषेत लिहावीत, इंग्रजी वाचकाच्या परिचयाची म्युनिक, व्हिएन्ना, फ्लॉरेन्स ही रूपे घ्यावीत की तेथील लोकांच्या तोंडची म्युन्शेन, वीन, फिरेन्झे ही घ्यावीत, या प्रश्नावर खेळाडूंचे दोन तट पडलेले आहेत, आणि दोन्ही पक्षांची कैफियत ऐकून घेण्याजोगी आहे.

इंग्रजी नावांचा कैवार घेणारे म्हणतात, की नकाशा हा प्रथमतः वाचण्यासाठी असतो. ज्या खेळाडूने शाळेत व्हेनिसच्या व्यापाराविषयी आणि प्रागच्या बंडाविषयी वाचले, त्याला ‘व्हेनेत्सिया’ आणि ‘प्राहा’ शोधावयास लावणे म्हणजे त्याच्या पूर्वज्ञानावर पाणी सोडणे होय; शिवाय चार देशांतील चार खेळाडू एकत्र डाव मांडून बसले असता एकाने ज्याला वॉर्सा म्हटले त्याला दुसऱ्याने वार्शावा म्हणावे, आणि स्वारीचा हुकूम सुटेपर्यंत ते ठाणे कोठे आहे याचाच शोध चालावा, ही तसदी कोणी आणि का सोसावी? हा युक्तिवाद क्षुल्लक नाही. ज्या नावाने वाचकाच्या मनात काहीच उभे राहत नाही, ते कितीही शुद्ध असले तरी त्या वाचकापुरते मुके असते. आणि खेळाचा आनंद हा बव्हंशी ओळखीच्या भूमीवर अनोळखी घटना घडविण्याचा आनंद असतो.

तथापि या पक्षाच्या बाजूत एक वैगुण्य आहे, आणि ते नकाशा जरा जवळून पाहू लागताच ध्यानात येते. इंग्रजी भाषेने स्वतंत्र नावे दिली ती केवळ तिच्या व्यापाऱ्यांचा, वकिलांचा आणि सैनिकांचा ज्या गावांशी संबंध आला त्यांनाच. बाकीची गावे तिने जशीच्या तशी उचलली. त्यामुळे तथाकथित इंग्रजी नकाशावर फ्लॉरेन्सच्या शेजारी पिस्तोया आणि म्युनिकच्या शेजारी आउग्सबुर्ग नांदतात, म्हणजे थोर गावे इंग्रजी पोशाखात आणि लहान गावे देशी पोशाखात, असा संमिश्र दरबार भरतो. त्याहून अडचणीची गोष्ट अशी, की इंग्रजी नावेही कालमानाने बदलतात. ज्याला आजचा इंग्रज लिव्होर्नो म्हणतो त्याला नेपोलियनच्या काळचा इंग्रज ‘लेगहॉर्न’ म्हणत असे, आणि १८०९ साली सर जॉन मूर जेथे लढता लढता पडला त्या बंदराला इंग्रजी युद्धेतिहासात ‘कोरुना’ म्हणत आले असले, तरी त्याचे आजचे अधिकृत नाव गॅलिशियन भाषेतले ‘आ कोरुन्या’ हे आहे. आपल्याकडील पूना, बॅसीन, तंजोर, कॉनपोर ही रूपे याच जातीची. तेव्हा नावे इंग्रजीत असावीत असे ठरले, तरी कोणत्या शतकाच्या इंग्रजीत हा प्रश्न शिल्लक राहतोच.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की पंधराव्या शतकातील हंगेरीचा राजा होऊन राज्य करावयाचे आणि आपल्याच राज्यातील गावे परकीयांच्या नावांनी ओळखावयाची, हा रसभंग होय. गाव ज्यांचे, नावही त्यांचेच असले पाहिजे. तत्त्व म्हणून हे कोणालाही पटेल. परंतु गाव ज्यांचे ते कोण, असे विचारताच हा पक्षही इंग्रजी पक्षाइतकाच अडचणीत येतो. पूर्व युरोपातील गॅलिशिया प्रांतातील ज्या नगराला आज आपण ल्विव म्हणतो, ते चौदाव्या शतकात पोलंडच्या अंमलाखाली आले तेव्हापासून पोलिश दफ्तरांत ‘ल्वूफ’ होते. १७७२ मध्ये पोलंडची पहिली वाटणी होऊन ते ऑस्ट्रियाकडे गेले आणि सरकारी कागदांत ‘लेम्बर्ग’ झाले. दोन महायुद्धांच्या दरम्यान पुन्हा ल्वूफ, सोव्हिएत काळात रशियन धाटणीचे ‘ल्वोव’ आणि आता युक्रेनचे ल्विव. ऑस्ट्रियाच्या अमदानीत शहरात पोलिश व यहुदी वस्ती मोठी आणि भोवतालच्या खेड्यांत युक्रेनी रयत, अशी तेथील रचना होती. आता त्या काळच्या नकाशावर स्थानिक नाव लिहावयाचे तर कोणाचे लिहावे? सरकारी अंमलदाराचे, शहरातील दुकानदाराचे, की बाजाराच्या दिवशी गाडी जुंपून येणाऱ्या शेतकऱ्याचे? डॅन्यूबच्या काठी, जेथे १५६३ पासून १८३० पर्यंत हंगेरीच्या राजांचे राज्याभिषेक होत, त्या नगराची कथा याहूनही बोलकी आहे. मॅग्यार लोक त्याला ‘पोझोन्य’ म्हणत, जर्मन लोक ‘प्रेसबुर्ग’ म्हणत, स्लोव्हाक लोक ‘प्रेश्पोरोक’ म्हणत. आज जगाला ठाऊक असलेले ब्रातिस्लावा हे नाव त्याला अधिकृतपणे मिळाले १९१९ साली. म्हणजे स्थानिक नावाच्या अभिमानाने जो १४४४ च्या नकाशावर ब्रातिस्लावा लिहील, तो त्या काळच्या स्थानिक माणसांपैकी एकालाही न कळणारे नाव लिहील.

खेळ रचणाऱ्यांना मात्र अशा वादात अनिर्णीत राहून चालत नाही. संगणकाला नियम द्यावा लागतो, आणि तो निःसंदिग्ध असावा लागतो. या नियमांच्या दोन मुख्य परंपरा आहेत. सिड मायर यांनी १९९१ साली सिद्ध केलेल्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळाच्या परंपरेत प्रत्येक राष्ट्रासाठी नगरांच्या नावांची एक यादी असते. नगर वसविताच यादीतील पुढचे नाव त्याला मिळते, आणि पुढे ते शत्रूने जिंकले तरी नाव बहुधा कायम राहते. येथे नावाचा धनी नगराचा संस्थापक. पॅराडॉक्सच्या परंपरेत याच्या उलट रीत आहे. ‘क्रुसेडर किंग्ज’मध्ये एखादी जहागीर ज्या सरदाराच्या हाती असेल त्याच्या संस्कृतीप्रमाणे तिचे नाव पालटते: नॉर्स राजाने यॉर्क घेतले की ते ‘योर्विक’ होते, आणि त्याच राजाच्या वंशजाने कॉन्स्टँटिनोपलपर्यंत धडक मारली तर बायझंटाईन सम्राटांची ती राजधानी नकाशावर ‘मिक्लागार्ड’ या नावाने झळकू लागते. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’च्या चौथ्या भागातही राज्याच्या, संस्कृतीच्या आणि संस्कृतिसमूहाच्या नावाने वेगवेगळ्या याद्या ठेवलेल्या असून मुलूख ज्याच्या ताब्यात जाईल त्याच्या यादीतील नाव त्याला चढते. येथे नावाचा धनी राज्यकर्ता.

ही दुसरी रीत इतिहासाला धरून आहे, यात शंका नाही. मॅनहॅटन बेटावर डचांनी वसविलेले ‘न्यू ॲमस्टरडॅम’ १६६४ मध्ये इंग्रजांनी घेतले आणि ते ‘न्यूयॉर्क’ झाले. १६७३ मध्ये डचांनी ते परत जिंकून ‘न्यू ऑरेंज’ म्हटले, आणि दुसऱ्याच वर्षी तहाने ते इंग्रजांकडे जाऊन पुन्हा न्यूयॉर्क झाले. दख्खनच्या इतिहासाचा ज्याला परिचय आहे त्याला तर या रीतीचे नवल वाटण्याचे कारणच नाही. शिवाजी महाराजांनी खेळणा घेतला आणि त्याचा विशाळगड केला, रायरीचा रायगड केला; पुढे आयुष्याच्या अखेरीस महाराष्ट्राचे किल्ले एकेक करून घेण्यासाठी स्वतः मोहिमेवर निघालेल्या औरंगजेबाने प्रत्येक किल्ला हाती येताच त्याला नवे नाव देण्याचा शिरस्ताच पाडला. १७०० साली सातारा घेतला तो ‘आझमतारा’ झाला, १७०२ मध्ये विशाळगड ‘सख्खरलना’ झाला, त्यानंतरच्या वर्षी सिंहगड ‘बक्षिंदाबक्ष’ झाला, आणि १७०४ मध्ये तोरण्याला ‘फुतूहुल्गैब’ हे नाव मिळाले. खेळाच्या पडद्यावर जे क्षणार्धात घडते तेच बादशाही फर्मानाने येथे घडत होते, आणि विजयाचा जो उन्माद खेळाडूला नव्या नावाच्या दर्शनाने होतो, तो त्या फर्मानाच्या लेखकालाही झाला असेल.

पण या किल्ल्यांच्याच उदाहरणात नियमाची मर्यादाही दडलेली आहे. ‘बक्षिंदाबक्ष’ हे नाव बादशाही छावणीच्या कागदांत होते. गडाच्या घेऱ्यातील कोळ्या-मावळ्यांच्या तोंडी ते कधी रुळले नाही, आणि काही वर्षांतच गड परत आला तेव्हा ते नाव कोणाला मुद्दाम पुसावेही लागले नाही. याउलट वसईकडे पाहावे. १५३४ मध्ये ती गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्या दफ्तरांत ‘बासाईं’ झाली; १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली; १८०२ च्या अखेरीस बाजीराव दुसऱ्याने तेथेच इंग्रजांशी केलेला तह इंग्रजी ग्रंथांत ‘बॅसीनचा तह’ म्हणून नोंदला गेला, आणि १८१८ नंतर तेथे इंग्रजांचा अंमल कायम झाला. पोर्तुगीजांच्या दोनशे वर्षांच्या राजवटीत काय किंवा इंग्रजी अमदानीत काय, तेथल्या आगरी-कोळी-भंडारी रयतेला मात्र आपण वसईत राहतो याविषयी कधी संदेह पडला नाही. राज्यकर्त्याचे नाव आणि रहिवाशाचे नाव ही एकाच जागेवर एकाच वेळी नांदत असतात, आणि पहिल्याने दुसरे नाहीसे होतेच असे नाही.

राज्यकर्त्याचे नाव घेण्यातही सावधगिरी लागते, कारण राज्यकर्ता काय म्हणत होता हे आपण पुष्कळदा मागाहून ठरवितो. १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले आणि त्याचे ‘इस्तंबूल’ केले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः ऑटोमन टांकसाळीची नाणी आणि सरकारी दस्तऐवज पुढे कित्येक शतके त्या नगराला ‘कोस्तंतिनिये’ म्हणत राहिले, म्हणजे पहिल्या ख्रिस्ती सम्राटाचेच नाव अरबी वळणाने चालवीत राहिले. अठराव्या शतकातील काही नाण्यांवर ‘इस्लामबोल’ असा शब्द येतो. आणि जनसामान्यांच्या बोलण्यात जे इस्तंबूल फार पूर्वीपासून होते, तेच एकटे नाव परदेशी टपालानेही वापरावे असा आग्रह तुर्कस्तानच्या प्रजासत्ताक सरकारने धरला तो १९३० साली. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’च्या चौथ्या भागात ऑटोमन अंमलाखालील या नगरास ‘कोस्तंतिनिये’ हेच नाव दिले आहे, ही रचनाकारांच्या अभ्यासाची साक्ष होय. आजच्या तुर्की भाषेत पाहून कोणी इस्तंबूल लिहिले असते, तर सोळाव्या शतकातील सुलतानाच्या तोंडी विसाव्या शतकातील टपालखात्याचा हुकूम घातल्यासारखे झाले असते.

काळाचा हा घोटाळा स्थानिक नावांच्या पक्षाला विशेष भोवतो. नॉर्वेच्या राजधानीला १४४४ मध्ये ऑस्लो म्हणावे हे योग्यच. पण १६२४ मध्ये चौथ्या ख्रिस्तियन राजाने जळालेल्या गावाऐवजी नवे नगर वसवून त्यास आपले नाव दिले, आणि तेव्हापासून १९२५ पर्यंत ते ‘ख्रिस्तियानिया’ होते. म्हणजे ‘व्हिक्टोरिया’चा तिसरा भाग ज्या १८३६ साली सुरू होतो, त्या साली ऑस्लो लिहिणे चूक. आपल्याकडे १४४४ च्या नकाशावर अहमदनगर दाखविता येत नाही, कारण मलिक अहमदाने ते वसविले १४९० नंतर. आणि औरंगाबादही दाखविता येत नाही, कारण मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी येथे शहर उभारले, त्याच्या मुलाने त्याला फतेहनगर म्हटले, आणि १६५३ मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत ते औरंगाबाद झाले. या दोन्ही शहरांची नावे अलीकडे पुन्हा बदलली असून २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आणि २०२४ पासून अहिल्यानगर ही नावे अधिकृत आहेत. तेव्हा ‘आजचे स्थानिक नाव’ हे परिमाण मानले, तर खेळाचा नकाशा वर्तमानपत्राबरोबर बदलत ठेवावा लागेल. चीनच्या बाबतीत तर केवळ नाव नव्हे, त्याचे वर्णलेखनही काळाच्या आड येते: ‘बेजिंग’ हे नाव मिंग सम्राट युंगलो याच्या काळचे असले, तरी रोमन अक्षरांतील त्याचे आजचे रूप ज्या पिनयिन पद्धतीचे आहे ती चीनने १९५८ मध्ये स्वीकारली आणि १९७७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या भौगोलिक नामविषयक परिषदेने मान्य केली.

येथवरच्या साऱ्या अडचणी एका ठिकाणी एकवटलेल्या पाहावयाच्या असतील तर देवगिरीकडे वळावे. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’चा पाचवा भाग २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाला आणि त्याचा आरंभ १ एप्रिल १३३७ रोजी होतो. त्याच्या आधी दहा वर्षे, १३२७ च्या सुमारास, मुहम्मद तुघलकाने यादवांच्या या जुन्या राजधानीला दौलताबाद म्हणून दिल्लीकरांना तेथे आणविले होते. आणि या आरंभदिनानंतर दहाच वर्षांनी, १३४७ मध्ये, तेथील बंडातूनच बहामनी राज्य जन्मास आले. अशा क्षणी त्या जागेवर काय लिहावे? या प्रश्नाला सुदैवाने एका प्रत्यक्षदर्शी प्रवाशाची साक्ष उपलब्ध आहे. १३३७ नंतर थोड्याच वर्षांनी तेथून गेलेला मोरोक्कोचा इब्न बतूता सांगतो, की या नगराचे तीन भाग आहेत: सुलतान आणि त्याची फौज जेथे राहते ते दौलताबाद, दुसरा भाग कटक, आणि तिसरा म्हणजे तो अतुल दुर्ग, ज्याला दुवैगीर म्हणतात. दुवैगीर म्हणजे अरबी कानाने ऐकलेले देवगीर, हे उघड आहे. म्हणजे तुघलकाचा अंमल पूर्ण भरात असताना, त्याच्याच पदरी काझी म्हणून राहिलेल्या माणसाच्या वृत्तांतात, राज्यकर्त्याचे नाव आणि त्याच्या आधीचे नाव शेजारी शेजारी नांदत होते, आणि त्यांपैकी एकही खोटे नव्हते.

इंग्रजीवर जो रोष या वादात व्यक्त होतो त्याचेही माप येथे नीट घेतले पाहिजे. दुसऱ्यांच्या गावांना आपल्या जिभेच्या सोयीने नावे देणे हा काही इंग्रजांचा खास अपराध नाही. पेशवाईतील कारकून भरुचला भडोच लिहीत, वडोदऱ्याला बडोदे, तंजावूरला तंजावर. डचांना वलंदेज म्हणत, फ्रेंचांना फरासीस, आणि तुर्कांच्या मुलखाला रूम. जर्मन माणूस मिलानोला ‘मायलांट’ म्हणतो, इटालियन माणूस म्युन्शेनला ‘मोनाको’ म्हणतो. मराठ्यांच्या दफ्तरावरून कोणी अठराव्या शतकाचा नकाशा रचील तर त्यावर भडोच आणि बडोदेच येईल, आणि तसेच यावे. इंग्रजी नावांचे वैशिष्ट्य एवढेच, की ती सर्वत्र छापलेली असल्यामुळे ती कोणाचीच नावे नाहीत, नुसती नावे आहेत, असा भास होतो. म्युनिक हे लंडनच्या बाजूने पाहिलेले म्युन्शेन आहे, ही गोष्ट नजरेआड होते.

मग रचनाकाराने करावे काय? या खेळांच्या पोटातच या प्रश्नाचे उत्तर तयार आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ असो वा ‘क्रुसेडर किंग्ज’, त्यांच्या हिशेबात प्रत्येक मुलखाचा धनी कोण आणि त्यातील रयतेची संस्कृती कोणती, या दोन बाबी वेगळ्या नोंदलेल्या असतात. धनी एका तहाने बदलतो. संस्कृती बदलावयास वर्षानुवर्षे जावी लागतात आणि खेळाडूला त्यासाठी सायासही करावे लागतात. इतका विवेक ज्या रचनेत आहे, तिने नाव मात्र पहिल्या नोंदीला बांधून टाकले आणि दुसरीला मोकळे सोडले. त्यामुळे विजेत्याचा शिक्का उमटताच रयतेचे नाव नकाशावरून अदृश्य होते, जणू बादशहाच्या छावणीतील फर्मान तोरण्याच्या पायथ्यापर्यंत त्याच दिवशी पोहोचले आणि मानलेही गेले. ही चूक इंग्रजी नाव लिहिल्याने सुधारत नाही आणि विजेत्याच्या भाषेतले नाव लिहिल्यानेही सुधारत नाही.

राज्यांच्या, सुभ्यांच्या आणि राजधान्यांच्या नावांवर राज्यकर्त्याचा हक्क मानावा, कारण ती दफ्तराची नावे आहेत. गावे, नद्या आणि डोंगर यांची नावे रयतेच्या संस्कृतीशी जोडावीत, आणि ती संस्कृती बदलेल तेव्हाच बदलावीत. जेथे दोन्ही नावे एकाच काळी चालत होती, जसे दौलताबाद आणि देवगिरी, तेथे दोन्ही दाखवावीत. आणि वाचकाच्या परिचयाचे नाव, मग तो वाचक इंग्रजी असो, जर्मन असो वा मराठी, शोधपेटीत आणि टिपेत सदैव उपलब्ध ठेवावे, म्हणजे कोणाचीही स्वारी ठाणे न सापडल्यामुळे अडून राहणार नाही. अशा नकाशावर ‘बक्षिंदाबक्ष’ जरूर उमटावे, पण ते सिंहगडाच्या बाजूला उमटावे, त्याच्या जागी नव्हे. आणि औरंगजेबाचा डाव खेळणाऱ्याला हेही दिसावे, की किल्ला घेण्यास त्याला काही महिने लागले, पण किल्ल्याचे नाव घेण्यास त्याचे सारे आयुष्य पुरले नाही.